‘ख’ कमी पडायचा

शुक्रवार पेठेत पोंक्ष्यांच्या छापखान्यात
सगळ्यात आधी ‘ख’ संपायचा.
पंचांगाला तो पुरतो, लग्नपत्रिकेला तर उरतो;
पण आम्ही छापायचो ‘काळपडदा’ मासिक,
शहाण्णव पानं, आठ आणे,
आणि पानोपानी खून, खंजीर, खिडकी,
अंधारात कुणाचं तरी खाकरणं.

लिहायचे एकटे शिधये.
मोरेश्वर लक्ष्मण शिधये,
दारूगोळा कारखाना, खडकी, हजेरी विभाग.
मुखपृष्ठावर मात्र ‘कॅप्टन निशांत’.
समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, हर्णैला,
तोही मेहुणीच्या लग्नात, लांबून.

शनिवारी सायकल यायची संगम पुलावरून,
कॅरिअरला डबा, डब्याखाली हस्तलिखित,
जुन्या हजेरीपत्रकांच्या पाठीवर लिहिलेलं:
एका अंगाला कोण कामावर आलं,
दुसऱ्या अंगाला कोण मेलं.
साठ रुपये. तिकिटावर सही. सगळे हक्क पोंक्ष्यांचे.
“पुढच्या वेळी प्रेत जरा लवकर सापडू द्या,”
पोंक्षे म्हणायचे, आणि शिधये मान हलवायचे,
जसा साहेबाने उशिराचा शेरा मारल्यावर
एखादा फिटर हलवतो.

लोक वाचायचे. नाही कसे.
नारायण पेठेतल्या वाचनालयात अंक टिकायचा नाही,
वकिलीणबाई न्यायच्या दोन जाड चरित्रांच्या मधे लपवून,
परत करताना म्हणायच्या, “हे कुठलं आलं यात?”

मी सोळाव्या वर्षापासून त्यांचं अक्षर जुळवत होतो.
उलटं वाचायचो त्यांना, शिशात,
त्यामुळे खुनी मला नेहमी आधी कळायचा
असं मला वाटायचं.

मग एका मार्गशीर्षात शिधये औंधच्या
छातीच्या दवाखान्यात भरती झाले.
पाच फॉर्म छापून तयार, ऐंशी पानं.
सहाव्याला मजकूरच नाही.
पोंक्षे चष्मा पुसत म्हणाले, “सहा वर्षं खिळे लावतोयस त्यांचे,
घाल सोळा पानं. कुणालाही पकड.”
मी सावत्र भावाला पकडलं.
रात्रभर जागून, स्टिक हातात धरूनच लिहिलं,
कागद नाही, खोडाखोड नाही.
अंक एक तारखेला गेला. एकही पत्र आलं नाही.

औंधला अंक घेऊन गेलो. सोबत मोसंबी.
त्यांनी माझी सोळा पानं वाचली, बोट फिरवत,
आणि हसले, आणि त्या हसण्याचा खोकला झाला.
“बरं लिहिलंस. पण हा नव्हता रे.”
“मग कोण?”
नर्स आली. त्यांनी पांघरूण ओढून घेतलं.
“पुढल्या अंकी,” म्हणाले.

पुढला अंक पोंक्ष्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतला,
नाव तेच, कॅप्टन निशांत.
त्यामुळे कॅप्टन वारला हे पुण्यात कुणाला कळलंच नाही.
वैकुंठात आम्ही अकरा जण. चौघे हजेरी विभागातले.

काल जुन्या बाजारात, नळाच्या तोट्या आणि
बंद घड्याळांच्या शेजारी तो अंक मिळाला.
वीस रुपये म्हणाला, पंधराला दिला.
घरी येऊन भिंग लावून वाचत बसलो.
पान त्रेचाळीस:
‘गच्चीवरून उतरलेला तो इसम उंचापुरा होता.’

उंचापुरा?
शिधयांनी आयुष्यात हा शब्द वापरला नाही.
आणि मग बोटांना आठवलं, डोक्याच्या आधी:
त्या संध्याकाळी केसमधला ‘ख’चा कप्पा रिकामा होता,
पोंक्षे घाई करत होते,
हस्तलिखितात ‘डावखुरा’ होतं
आणि मी म्हटलं, इसम तो इसम, काय फरक पडतो.

बाराव्या पानावर मुनीम डाव्या हाताने कंदील उचलतो.
मुनीम. ज्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

पेन्सिलीला टोक केलं.
‘उंचापुरा’वर काट मारली,
समासात प्रुफाची खूण, आणि तिच्यापुढे
हात कापत होता म्हणून जरा मोठाच आला
एक ‘ख’.
उरलेली अक्षरं लिहायची राहिली.